आठवं अक्षर

बिरू, तुझ्या शाळेच्या भिंतीवर तुझी कविता रंगवायची ठरली आहे. तिच्या शेवटच्या ओळीत सात अक्षरं ठेवायची की आठ, हे रंगाऱ्याला मी सांगायचं होतं. तुला जाऊन अजून महिना व्हायचाय आणि लोकांना रंगाची घाई झाली आहे. हेडमास्तर म्हणाले, तुम्ही त्यांचे मित्र, शिवाय बारामतीला कॉलेजात मराठी शिकवता, तुम्ही सांगाल तेच खरं. एरवी कुणी एवढा मान दिला असता तर मी आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडलो असतो. या वेळी नुसतं 'बघतो' म्हणालो आणि घरी येऊन जेवलो नाही.

चार ओळींची तर कविता. ती तू मला पहिल्यांदा ऐकवलीस बारामतीच्या एसटी स्टँडसमोरच्या रसवंतीत. तू नुकताच शेळगावच्या शाळेत मास्तर म्हणून लागला होतास. आठवडी बाजाराला यायचास आणि कांद्या-बटाट्याची पिशवी माझ्या मांडीवर ठेवून कविता म्हणायचास, म्हणजे मला उठून पळता येऊ नये. त्या दिवशी चरकाच्या घुंगरांचा आवाज थांबेपर्यंत तू गप्प राहिलास. मग ग्लास बाजूला सारलास आणि टेबलावर बोटानं ठेका धरलास.

लाभ आला, दोन आली,
माळ मागे काळा झाला,
काठी मोजी पाठीपाठी,
दार ओढू? अजून

आणि थांबलास. मी पुढच्या अक्षराची वाट बघत बसलो. तू रस प्यायला लागलास.

मी बोटं मोजली. पहिल्या तीन ओळी आठ-आठ अक्षरांच्या, जात्यावर बसून कुणीही म्हणावी अशी घरगुती चाल. चौथीत सात. मी म्हणालो, बिरू, ओळ लंगडी आहे, एक अक्षर बाजारात हरवलंस. तू हसला नाहीस. टेबलावर, जिथं आठवं अक्षर पडायला हवं होतं तिथं, बोटाचं पेर एकदाच आपटलंस.

"लंगडी न्हाय ती," तू म्हणालास. "तितं काठी हाय."

मग तू मला तुमच्या घरातली रीत सांगितलीस. तुझे आजे-पणजे मेंढरं घेऊन चालणारे. कालव्याचं पाणी आलं, तुझ्या बापानं मेंढरं विकून शेत धरलं, पण तुझ्या आईनं, जिला सगळं शेळगाव आक्का म्हणतं, तिनं तरुणपणी माळावर मेंढरं मोजली होती. सांज झाली की जाळीचं कुंपण, तुमची ती वाघर, एका जागी उघडायची. मेंढरू आत शिरताना त्याच्या पाठीवर काठी टेकवायची आणि आकडा म्हणायचा. पहिल्याला 'एक' नाही म्हणायचं, 'लाभ' म्हणायचं. हे मलाही ठाऊक होतं, आमच्या पणदऱ्यात खळ्यावर धान्य मापतानाही तसंच म्हणत. पण पुढचं मला नवीन होतं. शेवटच्या मेंढराचा आकडा तुमच्यात बोलत नाहीत. त्याच्या पाठीवर काठी टेकत नाही, जमिनीवर आपटते, आणि मोजणारा गप्प दार ओढतो. सगळी आली हे त्याला कळतं, पण तो ते तोंडानं म्हणत नाही.

मी विचारलं, का? तू म्हणालास, तुमी पाटाच्या पान्याची मान्सं, तुमी ऊस मोजता, त्यो जागचा हलत न्हाय. तुमाला मोजायचं भ्या कसं कळनार? मला राग आला आणि पटलंही. आमच्याकडं उसाला खत कमी पडेल ही भीती असते, ऊस उठून चालू लागेल ही नसते.

त्यानंतर वर्षभर आपण त्या चार ओळी चघळल्या. मी कॉलेजात शंभर कविता शिकवल्या असतील, पण कविता उकलायची म्हणजे काय करायचं हे मला त्या रसवंतीत कळलं. मी अक्षरं मोजायचो, तू तोंड बघायचास. माझं तोंड. म्हणायचास, ओळ म्हण आणि तुझा जबडा काय करतो ते सांग. पहिली ओळ म्हणताना तोंड उघडं. ला, आ, ला, आ. मेंढरं मोकळ्यावरून येत आहेत. दुसऱ्या ओळीत तोंड उघडंच, पण 'माळ' आणि 'काळा' म्हणताना जीभ मागं वळते, आणि तू म्हणायचास, बघ, वळून मागं बघितलं की नाही? तिसऱ्या ओळीत ठ, ठ, ठ. काठी पाठीवर पडते आहे. आणि चौथीत 'ओढू', 'अजून', दोन्हीकडं ऊ. पहिल्या ओळीत जे तोंड वाघरीसारखं उघडं होतं ते इथं येईस्तोवर बोट शिरेल एवढं उरतं.

"आन तेवढंच उगडं ठेवायचं," तू म्हणालास. "लावलं की संपलं."

त्या दिवसापासून मी त्या रिकाम्या जागेचा भक्त झालो. वर्गात मी ती कविता फळ्यावर लिहायचो आणि सातव्या अक्षरानंतर खडू खाली ठेवायचो. पोरं अस्वस्थ व्हायची. काहीजण मागं वळून दाराकडं बघायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

आणि एकदा तुझ्या घरी, हुरड्याला आलो होतो तेव्हा, मी हे सगळं तुझ्या आईला समजावून सांगायला गेलो. माझा उत्साह तुला माहीत आहे. आक्का शेंगा फोडत ऐकत होती. मग तिनं एक गोष्ट सांगितली. तुझ्या बापाचा एक चुलता होता, थट्टेखोर. एका सांजेला त्यानं मेंढरं मोजली, शेवटचं मेंढरू आत गेलं आणि त्यानं काठी स्वतःच्या छातीवर टेकवून पुढचा आकडा म्हटला. आन ह्यो मी. सगळे हसले. सकाळी वाघरीत मेंढरं सगळी होती, तो नव्हता. घोंगडी तिथंच होती, पायताणं तिथंच होती.

"मोजनाऱ्यानं सोताला मोजायचं न्हाय," आक्का म्हणाली. "मोजलं की त्यो मोजनारा ऱ्हात न्हाय. मग त्याला दुसरंच कुनीतरी मोजतं."

तू तोंडातला हुरडा सांभाळत हसत सुटलास. म्हणालास, प्रोफेसर, त्या चुलत्यानं सांगलीला जाऊन दुसरं लग्न केलं, साऱ्या भावकीला ठाऊक आहे, फक्त आयला पटत नाही. आक्का शेंगा फोडत राहिली. पायताणांचं काय, एवढंच तिनं विचारलं. तू म्हणालास, नवी बायको, नवी पायताणं. मीही हसलो. पण निघताना तिनं अंगणातल्या कोंबड्या खुराड्यात घातल्या आणि शेवटची आत गेल्यावर काही न बोलता पायानं जमीन दाबली, ते मी बघितलं. तूही बघितलंस.

मग तू असं का केलंस, हा माझा प्रश्न आहे. दिवाळीनंतर इंदापुरात कविसंमेलन झालं. मांडव भरलेला, पुढच्या रांगेत आक्का, नवं लुगडं नेसून. मी तुझ्या शेजारीच बसलो होतो. तुझी पाळी आली, तू माइकपाशी गेलास, तीन ओळी नेहमीसारख्या म्हटल्यास. चौथी म्हटलीस. मी मनात काठी आपटली. आणि तू म्हणालास,

दार ओढू? अजून मी

टाळ्या पडल्या. अशा टाळ्या त्या कवितेला आधी कधी पडल्या नव्हत्या. लोकांना शेवट मिळाला होता. मेंढरं आत, अंधार पडलेला, आणि बाहेर उरलेला एकटा माणूस, दार ओढणारा तोच आणि बाहेर राहिलेलाही तोच. कविता म्हणून ती जागा अशी बसली की माझ्या अंगावर काटा आला. मी आक्काकडं बघितलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. तिनं पदर तोंडाशी धरला होता आणि ती तुझ्याकडं नाही, मांडवाच्या दाराकडं बघत होती.

पुढच्या बाजाराला आपण भांडलो. रसवंतीवाल्यानं दोनदा विचारलं, काय झालं. मी म्हणालो, तू कविता मारलीस, रिकाम्या जागेत वारा यायचा, तू तिथं भिंत घातलीस. तू म्हणालास, ती जागा भित्रेपणाची होती, आय भिते ते ठीक, मी शिकलेला माणूस आहे, मी किती दिवस काठी आपटू? मी म्हणालो, पण आवाज? तू तर म्हणालास तोंड उघडं ठेवायचं. तेव्हा तू टेबलावर पुढं वाकलास. आ, मग ओ, मग ऊ, तू म्हणालास, तोंड मिटत मिटत येतं, बरोबर? मग 'म' म्हण. ओठ पूर्ण मिटतात की नाही? दार लागलं. वर्षभर ती ओळ मिटायला बघत होती आणि आपण तिच्या फटीत बोट घालून बसलो होतो.

मी तुला विचारलं की दार लागलं तर लागलं, पण तू दाराच्या कुठल्या बाजूला राहिलास? तू पिशवी उचलून स्कूटरला अडकवलीस. म्हणालास, पुढच्या बाजाराला सांगतो.

तो बाजार झाला नाही. त्याच संध्याकाळी काटेवाडी सोडल्यावर रस्त्यावर मेंढरांचा कळप आडवा जात होता, कोकणाकडं निघालेला. दिवस मावळला होता, पण अजून दिसत होतं. तू स्कूटर थांबवलीस. उसाची मोकळी ट्रॉली कारखान्याकडून परत येत होती, मागं दिवा नाही, पुढं एकच, ती थेट तुझ्यावर आली. हे तू कथेत लिहिलं असतंस तर मी लाल शाईनं खोडलं असतं. लिहिलं असतं की लेखकानं योगायोगावर भार टाकू नये.

त्या कळपाचा मेंढपाळ मला नंतर तुझ्या दारात भेटला. भला माणूस, लांबून चालत आला होता. म्हणाला, मेंढरं समदी पल्याड गेली हुती, एकाला बी धक्का न्हाय. साहेब गाडीवर बसून बोट करत हुते, एकेकाकडं. ओठ हलत हुते. "मोजीत हुते," तो म्हणाला. "आमच्यावानी." तुझं शेवटचं बोट कुणाकडं झालं हे त्यानं पाहिलं होतं की नाही, मी विचारलं नाही. त्यानं आपण होऊन सांगायला तोंड उघडलं तेव्हा मी त्याला पाणी आणायला आत गेलो.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. ट्रॉलीला नीट दिवे असते तर तू आज जिवंत असतास, याच्यापलीकडं त्यात काही नाही. दिवसा मला हे नीट कळतं. पण शिकवताना माझ्या तोंडून ओळी येतात, आणि ऊ आला की ओठ आपोआप पुढं होतात, मिटायला बघतात, आणि मी पट्कन दुसरं काहीतरी बोलतो. परवा वर्गात हजेरी घेताना शेवटचा आकडा माझ्या तोंडून निघाला नाही. मी डस्टर टेबलावर आपटलं. पोरं हसली.

तुझ्यामुळं मी कविता लिहायची सोडली, हे तुला माहीत आहे का? तुझं ऐकल्यावर मला माझं ऐकवेना. त्याबद्दल जगानं तुझे आभार मानावेत, मी तर मानतोच. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा तू रोज शाळा सुटल्यावर येऊन त्यांच्या उशाशी बसायचास आणि त्यांना मेंढरांच्या गोष्टी सांगायचास. उसातला माणूस, जन्मात कधी मेंढरू वळलं नाही, पण शेवटी शेवटी ते झोपेत कळप हाकत होते. मी तुला त्याबद्दल कधी एक शब्द बोललो नाही. आपल्यात तशी पद्धत नव्हती. आज लिहितो आहे तर तू नाहीस, आणि मला तुझा राग येतो, बिरू, भयंकर राग येतो.

तर भिंत. हेडमास्तरांना आठ अक्षरं हवी आहेत. त्यांनी इंदापुरात तीच ऐकली, आणि मास्तरांनी शेवटी जी म्हटली तीच खरी, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं चूक नाही. मी स्वतः पोरांना शिकवतो की कवीनं शेवटी केलेला पाठ तो पाठ, आपल्या आवडीनं त्याला हात लावायचा नाही. तुझं 'मी' मी खोडणं म्हणजे तुझ्या पाठीमागं तुझ्याशी भांडण जिंकल्यासारखं. ते मला नको आहे. मला तू समोर बसलेला हवा आहेस, रसाचे डाग पडलेल्या सदऱ्यात, आणि मला हरवत असलेला.

तुझ्या शोकसभेच्या आदल्या दिवशी दुपारी आक्काकडं गेलो. वाटलं, ती रडेल, लेकानं केलं म्हणेल, ठेवा म्हणेल. ती ओसरीवर बसली होती, डोळे कोरडे. मी भिंतीचं सांगितलं. तिनं विचारलं, पोरं ते वाचत्याल का? मी म्हणालो, वाचतील ना आक्का, रोज वाचतील, त्यासाठीच तर. मोठ्यानं? मी म्हणालो, लहान पोरं मोठ्यानंच वाचतात.

"मग मी म्हंजी कोन?" तिनं विचारलं. "माझा बिरू, का जे पोर वाचंल ते?"

इतकी वर्षं मी हेच शिकवत आलो. कवितेतला 'मी' कवीचा नसतो, जो म्हणतो त्याचा होतो, त्यातच तिची गंमत. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. तिच्यासमोर मला ते बोलवेना. मी म्हणालो, सात ठेवू. ती म्हणाली, ठेव बाबा. दुसऱ्याच्या लेकरांवर नगं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात तुझी सभा झाली. तुझा फोटो खुर्चीवर ठेवला होता, त्याला झेंडूचा हार. पुढं पोरं मांडी घालून, मागं गाव, बाजूला आक्का. भाषणं झाली, आणि तू त्यातल्या निम्म्यांना हसला असतास. शेवटी मला उठवलं. मी दोन शब्द बोललो आणि कविता म्हणायला घेतली. आवाज बरा लागला. ठेका चुकला नाही. माळ मागं काळा झाला, काठी पाठीवरून गेली, मी चौथ्या ओळीशी आलो. दार ओढू? अजून. आणि मी थांबलो, तू पहिल्यांदा थांबला होतास तसा.

समोरच्या सगळ्या पोरांनी एका सुरात म्हटलं, "मी."

तू त्यांना शिकवली होतीस. अर्थात शिकवली असणार, दिवाळीनंतर वर्गावर गेलास तेव्हाच, ठेका धरून, जबडा बघायला लावून. अख्खं पटांगण म्हणालं आणि गप्प झालं. हेडमास्तरांचे डोळे भरून आले. मी फोटोकडं बघितलं. आणि मग, सगळं शांत झाल्यावर, मागच्या रांगांतून कुठून तरी एकच बारीक आवाज आला. एक पोर मागं राहिलं होतं, त्यानं आपलं म्हणून घेतलं. "मी."

आक्का ताडकन उठून उभी राहिली. ती रांगांवरून नजर फिरवत होती, तोंडं बघत होती. मीही बघितलं. सगळी पोरं सारखीच खाली मान घालून बसली होती. कुणाचा आवाज तो, कुणाला सांगता आलं नाही.

रंगाऱ्याला मी सात अक्षरं सांगितली. हेडमास्तर नाराज आहेत, म्हणतात ओळ अर्धी दिसते, पोरं काय म्हणतील. पोरं काय म्हणतात ते मी ऐकलं आहे. तू 'पुढच्या बाजाराला सांगतो' म्हणाला होतास, म्हणून येत्या बाजाराला मी रसवंतीत जाणार नाही, पुढच्याही नाही.

आक्का आता रोज शाळा सुटायच्या आधी फाटकापाशी येऊन बसते. पोरं बाहेर पडतात तशी एकेकाच्या पाठीवर हात ठेवते. पटांगण रिकामं झालं तरी ती उठत नाही. आत अजून कुणी आहे का, म्हणून शिपायाला विचारते, आणि तो न्हाय म्हणाला तरी बघून ये म्हणते.